लॅमिंग्टन रोडचं कॅसेटवालं दुकान आणि आमच्या आईंची रीमा लागू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. घरी व्हीएचएस कॅसेट पडून असतील, त्यात टीव्हीवरून घरीच रेकॉर्ड केलेलं काही असेल आणि ते आहे तसं बघायचं असेल, तर लॅमिंग्टन रोडच्या गल्लीतलं हे दुकान गाठा. ‘आहे तसं’ हे महत्त्वाचं. जुनं चित्र गुळगुळीत, चकचकीत करून हवं असेल तर जाऊच नका, तिथले काका तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. काकांनीच बजावलंय, “वहिनी, छान लिहा, पण नाव नको. मशीन दोनच चालू आहेत, त्यातलं एक स्वतःच्या मर्जीने चालतं. उद्या पन्नास माणसं आली तर मी काय करू?” खूण सांगते. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. सीसीटीव्ही, एलईडी माळा, मोबाइलचे डिस्प्ले, सुटे रेझिस्टर विकणाऱ्या दुकानांच्या रांगेतून आत शिरलात की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे आहे. जिना लाकडी, अरुंद आणि उभा. गुडघे दुखत असतील तर कॅसेटची पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, व्हीएचएसला वजन असतं हे आपण विसरलोय.

कॅसेट आमच्या सासूबाईंच्या. मी त्यांना आई म्हणते, लेखातही तेच म्हणेन. वय ब्याऐंशी, बँकेतून रिटायर झालेल्या, फणसवाडीतली जागा रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून बोरिवलीला आमच्याकडे. सोबत त्यांची लोखंडी ट्रंक आली आणि ट्रंकेत या कॅसेट. प्रत्येकीच्या पाठीवर लेजरमध्ये लिहावं तशा अक्षरात चिठ्ठी: ‘श्री. श्री., मागून पुढे’, ‘तू तू, मध्ये चिनूची मुंज’, ‘पुसू नये’, ‘खरोखर पुसू नये’. रेकॉर्डिंग चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीला एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असायची, ती तोडली की वर दुसरं काही भरता येत नसे. आईंनी सगळ्यांच्या टिकल्या तोडलेल्या. आणि माझ्या दिरांनी क्रिकेटसाठी त्यांतल्या काहींच्या भोकांवर सेलोटेप चिकटवलेला! त्यावरून घरात अजून बोलणं होतं.

या सगळ्या कॅसेटमध्ये मुख्यतः एकच बाई आहे, रीमा लागू.

आता ती कोण हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, पण आईंना ती का हवी होती ते सांगावं लागेल. त्यांच्या लेखी रीमा ही आधी बँकवाली, मग नटी. युनियन बँक ऑफ इंडियात रीमाने सुमारे दहा वर्षं नोकरी केली. आंतरबँक स्पर्धांमध्ये ती नाटकं करायची, नवरा विवेक लागू हाही त्याच बँकेतला आणि रंगभूमीवरचा. तिचं जन्माचं नाव नयन भडभडे, जन्म २१ जून १९५८. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. रीमाची आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, ‘लेकुरे उदंड जाली’मधल्या. नयनने लहानपणीच बेबी नयन म्हणून पडद्यावर कामं केलेली. म्हणजे रक्तात होतंच, पण महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरीही तिने सांभाळली. काउंटर बंद झाला, कॅश टॅली झाली की तालमीला पळायचं, ही कसरत काय असते ते आईंना ठाऊक होतं. त्या स्वतः कधी स्टेजवर चढल्या नाहीत, पण त्यांच्या शाखेतल्या नाटकवाल्यांची लेजर त्यांनी बऱ्याचदा जुळवून दिलेली. “आपल्यातली पोर आहे,” असं त्या रीमाबद्दल म्हणायच्या. अजूनही तसंच म्हणतात.

दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात आईंनी तिचं ‘पुरुष’ पाहिलेलं. जयवंत दळवींचं नाटक, विजया मेहतांचं दिग्दर्शन, समोर नाना पाटेकर. मग ‘सविता दामोदर परांजपे’, शेखर ताम्हाणेंनी लिहिलेलं. त्यात एका सरळ संसारी बाईच्या अंगात दुसरीच कुणी शिरते, आणि रीमा त्या दोघीही व्हायची. ते पाहून आलेल्या बाईला नंतर हिंदी सिनेमात हीच रीमा ट्रेमध्ये दूध घेऊन उभी दिसली, की तिचा जीव तडफडणारच. म्हणून आईंनी सिनेमे रेकॉर्ड केले नाहीत, मालिका केल्या. “तिथे तिला काम दिलं होतं,” हे त्यांचं कारण.

तर या कॅसेट पेनड्राइव्हवर आणायच्या ठरल्या. पहिल्यांदा आमच्याच उपनगरातल्या एका फोटो स्टुडिओत दिल्या. नाव नको, कारण तक्रार आहे. तिथल्या मुलाने विचारलंसुद्धा नाही, दोन कॅसेट घेतल्या आणि आठवड्याने फाइल दिली. वर हसून म्हणाला, “काकी, एआय मारून दिलंय, एचडीपेक्षा भारी.”

घरी लावलं. आईंनी चष्मा लावून, पुढे सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही कोण?”

टीव्हीवर रीमाच होती, पण चेहरा धुऊन इस्त्री केलेला. डोळ्यांखालची रेघ गायब. ओठांच्या कोपऱ्याशी पडणारी ती बारीकशी घडी, जी हसण्याच्या आधी क्षणभर दिसायची, ती गायब. साडीची बुट्टी पुसट होऊन एकसंध रंग. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या आकड्यांचे किडे झालेले, कारण मशीनला आकडा वाचता येत नव्हता म्हणून त्याने आपल्या मनाने काहीतरी काढलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोळे. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम दोनशे चाळीस रेघांएवढाच तपशील मावतो. त्यात बुबुळ म्हणजे दोन-चार ठिपके. मशीनने त्या ठिपक्यांच्या जागी नवे, पाणीदार, सरळ समोर बघणारे डोळे बसवले होते. आता रीमाच्या विनोदात अर्धं काम तर डोळे फिरवण्यात आहे! समोरच्याचं वाक्य चालू असतानाच तिची नजर हळूच बाजूला जाते, परत येते, आणि मग ती तोंड उघडते. ते जाणं-येणंच त्या फाइलमधून उडालेलं.

वर आणखी एक उद्योग. जुन्या टीव्हीचं चित्र जवळपास चौकोनी, ४:३. हल्लीचे टीव्ही लांबट. त्या मुलाने काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून वरून-खालून चित्र कापलं. वरून कपाळ आणि आंबाडा गेला, खालून हात गेले. रीमा लागूचे हात कापणं म्हणजे काय हे त्याला कळायचं कारण नाही, तो तिच्या मालिकांच्या वेळी जन्मलाही नसेल. पण पदर खोचणं, बांगड्या मागे सारणं, दोन बोटांनी कपाळ दाबून बसणं, पोळपाटावरचा हात थांबवून समोरच्याकडे बघणं, हे सगळं कमरेच्या आसपास घडतं. तिचा राग आधी हातात येतो आणि मग आवाजात. कापलेल्या चित्रात राग थेट आवाजातून सुरू होतो, त्यामुळे ती नुसती ओरडणारी बाई वाटते. नेटवर या मालिकांचे काही भाग मिळतात, तिथेही कुणी कुणी चित्र आडवं ताणून सगळ्यांना जाडं करून ठेवलंय. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवली तेव्हा आई खूश होत्या, पण त्यांना स्वतःचं रेकॉर्डिंगच हवं होतं, जाहिरातींसकट.

मग एका शेजाऱ्यांनी या लॅमिंग्टन रोडच्या काकांबद्दल सांगितलं.

काका साठीच्या पुढचे, लालबागचे. पूर्वी व्हिडिओ लायब्रऱ्यांचे व्हीसीआर दुरुस्त करायचे. भिंतीशी उघडे पडलेले व्हीसीआर रचून ठेवलेत, पार्टसाठी. नवीन मशीन मिळायचा प्रश्नच नाही, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली शेवटचे व्हीसीआर बनवले आणि ते काम थांबवलं. म्हणून एका मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, गेलं तर दुसऱ्याचं काढून बसवायचं, असं चाललंय. मी पिशवी टेबलावर ठेवली तशी त्यांनी पहिली कॅसेट उचलली आणि खिडकीकडे धरून तिच्या काचेतून आत पाहिलं. “बुरशी.” दुसरी. “बुरशी.” तिसरी नाकाशी नेली. “ही वाचली, ही कपाटात असणार.” खरंच होतं ते, ती एक ट्रंकेबाहेर राहिली होती.

मुंबईच्या पावसात बंद ट्रंकेतल्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. स्टुडिओतल्या मुलाने तीच चूक केली असावी, त्याच्या फाइलमध्ये मधूनमधून पांढऱ्या रेघांचा पाऊस पडत होता. काकांची पद्धत वेगळी. पाठीमागचे पाच स्क्रू काढायचे, डबी उघडायची, आतली दोन्ही चक्रं उचलून दुसऱ्या, स्वच्छ डबीत टाकायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडातून टेप हळूहळू पुढे न्यायची. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त टेप असते! हे काम त्यांची सून करते. ती तोंडाला मास्क लावून, खिडकीपाशी बसून, कानात गाणी ऐकत ती टेप पुसत असते. सासरे-सून दिवसभर एकमेकांशी फार बोलत नाहीत, पण ती मधेच मान हलवते आणि काका मशीन थांबवतात. काय खुणा आहेत देव जाणे.

पुढे घाई नाही. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात, पळवता येत नाही. आईंनी कॅसेट वाचवायला बरंच रेकॉर्डिंग एलपीवर केलेलं, म्हणजे निम्म्या वेगाने, तीन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास. त्याने चित्र आणखी मऊ पडतं आणि ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरचं रेकॉर्डिंग आणि ते वाचणारं हेड यांचा मेळ, सतत जुळवावं लागतं. काका मशीनचं त्यासाठीचं गोल बटण बोटाने धरून बसतात. चित्र खालून फाटायला लागलं की जरासं फिरवतात. मी विचारलं, “काका, थोडं शार्प करता येईल का?” तर म्हणाले, “येईल. पण मग ते तुमच्या आईंचं राहणार नाही.” मग चित्राची मोडतोड न करता एवढंच करतात: हलणाऱ्या चित्रावर कंगव्यासारख्या रेघा दिसतात त्या काढतात आणि हालचाल मूळच्यासारखी गुळगुळीत ठेवतात. वरखाली कातरत नाहीत. बाजूला काळ्या पट्ट्या येतात त्या येऊ देतात. जाहिराती ठेवतात. ‘रुकावट के लिए खेद है’ सुद्धा ठेवतात!

पेनड्राइव्ह घरी आला त्या दिवसापासून आमच्याकडे संध्याकाळी बातम्या बंद आहेत.

सुरुवात ‘श्रीमान श्रीमती’ने केली. १९९४ची मालिका, अधिकारी बंधूंची, दिग्दर्शन राजन वाघधरे. कोकिला कुलकर्णी म्हणजे कोकी ही रीमा, तिचा नवरा केशव म्हणजे जतीन कनाकिया, शेजारी अर्चना पूरणसिंगची सिनेनटी प्रेमा आणि तिचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी. केशवचा जीव प्रेमावर, दिलरुबाचा कोकीवर. तिघं जण जोरात विनोद करतात. कनाकियांचं टायमिंग तर असं की आजही हसून पोट दुखतं, फार लवकर गेले ते, १९९९ सालीच. आणि या तिघांच्या गोंधळात कोकी सरळ चेहऱ्याने घर चालवते. आमच्या जुन्या टीव्हीवर हे मला दिसलं नव्हतं, की ती विनोद ‘करत’च नाही. दिलरुबा तिची खुशामत करत असतो तेव्हा ती ऐकते, मान डोलावते, हातातलं काम चालू ठेवते. तिला काही कळलंय की नाही याचा पत्ता बघणाऱ्याला लागत नाही. तिने एकदा जरी कॅमेऱ्याकडे बघून ‘बघा हा कसा’ असं केलं असतं तर सगळा डोलारा कोसळला असता. ती बाजू सांभाळते म्हणून बाकीच्यांना उधळता येतं. आईंचं मत स्पष्ट आहे: रीमाचं टीव्हीवरचं सगळ्यात उत्तम काम म्हणजे कोकी.

माझं नाही. मी देवकीवाली.

‘तू तू मैं मैं’ १९९४ला डीडी मेट्रोवर आली, पुढे स्टार प्लसवर गेली आणि २००० सालापर्यंत चालली. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन. देवकी ही सासू, राधा ही सून, म्हणजे सुप्रिया. मधे सापडलेले मुलगा आणि सासरे. सासऱ्यांच्या कामात कुलदीप पवार, ज्यांना आपण मराठी सिनेमात गुर्मीत चालताना पाहिलेलं, ते इथे दोन बायकांमध्ये मान खाली घालून वर्तमानपत्रात तोंड लपवतात. हे नुसतं बघायलाही मजा येते. आणि गंमत म्हणजे सुप्रियाचा जन्म १९६७चा. सासू सुनेपेक्षा नऊच वर्षांनी मोठी! दोघींना बहिणी म्हणून उभं केलं असतं तरी चाललं असतं. तरीही पहिल्याच मिनिटाला आपण मानतो की ही सासू आहे. ते केसांतल्या पांढऱ्या रंगामुळे नाही. देवकी घरात चालते कशी ते पाहा. घर तिच्या मालकीचं आहे हे तिच्या टाचांना ठाऊक आहे. राधा चालते तेव्हा वळण घेते, देवकी चालते तेव्हा वाटेतल्यांनी वळण घ्यायचं.

आणि हे काकांच्या फाइलमध्येच दिसतं, कारण त्यात पाय आहेत.

आवाजाचंही तसंच. देवकी सुनेशी बोलताना आवाज वरच्या पट्टीत नेते, मुलगा आला की तोच आवाज मधात बुडवते, आणि या दोन्हींच्या मधे एक श्वास घेते. हा श्वास एवढा छोटा आहे की स्टुडिओवाल्याच्या ‘नॉइज रिडक्शन’ने तो साफ पुसला होता. खरखरीबरोबर श्वासही गेला. काकांच्या फाइलमध्ये खरखर आहे आणि श्वास आहे. नाटकवाल्या बाईचा श्वास तो. शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायची सवय असलेली माणसं वाक्याच्या आधी तसा घेतात. आई बघता बघता म्हणाल्या, “अगं, ही अजून शिवाजी मंदिरातच आहे.”

आमच्या दोघींचं हे बघणं ही एक वेगळीच मालिका आहे. आमचं लग्न ९६चं. तेव्हा फणसवाडीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी जेवणं आटोपून शेजारी शेजारी बसून हीच मालिका बघायचो, आणि देवकीच्या वाक्याला मी हसायची, राधाच्या वाक्याला आई. उलट हसणं म्हणजे भांडणाची सुरुवात. आता आई राधाच्या बाजूने असतात. विचारलं तर म्हणतात, “तेव्हा मला नोकरी होती.” याचा अर्थ मी अजून लावतेय.

आता सिनेमांबद्दल, थोडक्यात, कारण कॅसेटमध्ये ते नाहीत. पण या फाइली बघितल्यावर ते आठवले आणि चीड आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिंदी सिनेमाने रीमाला आई केली ती कायमची. ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुहीची आई झाली तेव्हा ती तिशीत नुकतीच पोचत होती. ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमानची आई, तेव्हा तिचं वय एकतीस. ‘गुमराह’मध्ये श्रीदेवीची आई, श्रीदेवी तिच्याहून पाचच वर्षांनी लहान. ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, तो एका वर्षाने लहान! पुरुष नटांना त्याच वयात नायिका मिळत होत्या. ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ अशा सिनेमांतून सुरुवात केलेल्या नटीला पुढे पंधरा वर्षं ‘बेटा, खाना खा लो’. फिल्मफेअरची सहायक अभिनेत्रीची नामांकनं चार झाली, बाहुली एकदाही मिळाली नाही. त्यातल्या त्यात ‘वास्तव’ हा मांजरेकरांचा सिनेमा तिच्या तोलामोलाचा. तिथली आई पोटच्या पोरावर गोळी झाडते आणि ते आपल्याला पटतं. आणि ‘हम साथ साथ हैं’मधली कान भरली गेलेली आई, तिच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण एवढ्या गोड सिनेमात तेवढाच काय तो आंबटपणा तिने आणलाय.

मराठीत तिला नंतरही चांगली कामं मिळाली. २०१३ला झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’मध्ये ती पुन्हा सासू होऊन आली. शेवटची हिंदी मालिका ‘नामकरण’, त्यात चक्क खलनायिकी थाटाची दयावंती. तिचं चित्रीकरण चालू असतानाच्या दिवसांत, १८ मे २०१७ला पहाटे हृदयविकाराने ती गेली, एकोणसाठही पूर्ण नव्हती. मुलगी मृण्मयी लिहिते आणि दिग्दर्शनही करते, ‘थप्पड’च्या लेखनात तिचं नाव आहे. आईंनी तो सिनेमा आवर्जून पाहिला आणि “नातवंडं चांगली निघाली म्हणायची” असा शेरा दिला. मंदाकिनीबाईंपासून मोजत होत्या बहुधा.

आता तारा का कापला ते. एका कॅसेटमध्ये आवाज आणि ओठ जुळत नाहीत. सुरुवातीला ठीक, मग हळूहळू आवाज मागे पडत जातो आणि शेवटी रीमा तोंड मिटते तेव्हा वाक्य ऐकू येतं. विनोदी मालिकेत हे म्हणजे सत्यानाश. काकांना फोन केला तर आधी “तुमचा टीव्ही तपासा” म्हणाले. लॅपटॉपवरही तेच. मग म्हणाले, “आणा, परत करून देतो.” करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा बोरिवली ते ग्रँट रोड माझ्याच पायांना. फाइल ग्राहकाला देण्याआधी शेवटची पाच मिनिटं तरी बघायला हवीत, एवढीच अपेक्षा आहे. शिवाय पावती मिळत नाही. कागदाच्या तुकड्यावर कॅसेटचे नंबर लिहून देतात, तो तुकडा जपून ठेवा.

दर असे: तीन तासांच्या कॅसेटला साडेचारशे, एलपीवर सहा तास भरलेले असतील तर सातशे, बुरशी काढायचे वेगळे दीडशे. उपनगरातल्या त्या स्टुडिओने जवळपास निम्मे घेतले होते, आणि ते पैसे वायाच गेले. पेनड्राइव्ह आपला न्या, त्यांच्याकडचा महाग पडतो. सिनेमाच्या विकत किंवा भाड्याने आणलेल्या कॅसेट ते करून देत नाहीत, फक्त घरचं रेकॉर्डिंग, आणि “यूट्यूबवर चढवू नका” असं स्पष्ट सांगतात. न्यायच्या आधी कॅसेट घरी व्हीसीआरमध्ये घालून बघायचा मोह टाळा, ट्रंकेतली असेल तर नक्कीच टाळा. कॅसेटवरच्या चिठ्ठ्या काढू नका, काका फाइलला तेच नाव देतात. आमच्या पेनड्राइव्हवर आता ‘खरोखर पुसू नये’ नावाचं फोल्डर आहे आणि त्यात मुंजीतला चिनू, धाराची जलेबीची जाहिरात आणि देवकीचं भांडण एकापाठोपाठ येतात.

शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी तीननंतर जा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस काका लालबागलाच असतात, तेव्हा दुकान सुनेच्या हाती, आणि ती नवीन काम घेत नाही. आमच्या उरलेल्या कॅसेट अनंत चतुर्दशीनंतर द्यायच्या ठरल्यात. त्यांतल्या एकीवर दिरांचा सेलोटेप आहे. तिच्यात कोकी सापडते की क्रिकेट, यावर आईंनी माझ्याशी शंभर रुपयांची पैज लावलीय.